फणसाखालची साक्ष

"मला नाही यायचं! ऐकलंस ना अनिश? नाही यायचं मला तिकडे... कधीच नाही!"

मनस्विनी एवढ्या मोठ्याने बोलली की फणसावरचे कावळे उडाले आणि शेजारच्या खळ्यात कोकमं वाळत घालणाऱ्या गंगुबाईंचा हात सुपातच थांबला. आता तुम्ही म्हणाल, नवऱ्याशी असलं खासगी बोलणं अंगणात उभं राहून कोणी करतं का? पण करणार काय! पावस रस्त्यावरून आत, हापूसच्या कलमांच्या गर्दीत बसलेल्या त्या वाडीत मोबाइलला रेंज म्हणून मिळायची ती फक्त त्या एका फणसाखाली. घरात नाही, पडवीत नाही, विहिरीवर नाही. त्यामुळे लग्न झाल्यापासून तिचं आणि अनिशचं सगळं प्रेम, सगळे रुसवे, 'जेवलास का' आणि 'आधी तू ठेव'... सगळं सगळं भर वाडीच्या कानावर! सुरुवातीला ती ओढणी तोंडाशी धरून पुटपुटायची, तर तिकडून अनिश ओरडायचा, "मोठ्याने बोल गं, काही ऐकू येत नाही!" मग काय, लाज गेली आणि आवाज राहिला.

"मनू, अगं झालं काय? माझं काही चुकलं का?" तिकडून अनिश विचारत होता.

"कोणाचं काही चुकलं नाही. मला तिकडे करमणार नाही, बस्स!"

तिने फोन बंद केला आणि फणसाच्या खडबडीत खोडाला कपाळ टेकून ती अशी रडली, अशी रडली... कारण खोटं होतं हो ते! त्या माणसाच्या नुसत्या 'हॅलो'ने जिचा दिवस उजाडायचा, तिला त्याच्याजवळ करमणार नव्हतं?

अनिश पर्थला इलेक्ट्रिशियन. लग्नाला आला, सुट्टी संपताच परत गेला, मध्ये एकदा गणपतीला येऊन गेला, एवढाच काय तो संसार. पार्टनर व्हिसाचा अर्ज केला होता आणि मनस्विनीने स्वेटरसुद्धा घेऊन ठेवला होता. पण तिकडच्या ऑफिसातून उलट मेल आली : तुमचं नवरा-बायकोचं नातं खरं आहे याचे आणखी पुरावे पाठवा. दोघांचे एकत्र फोटो पाठवा. तुम्हाला ओळखणाऱ्या माणसांची निवेदनं पाठवा.

फोटो काय कमी होते? ढीगभर होते. पण सगळ्या फोटोंत मधोमध आप्पा!

आप्पा म्हणजे सासरे, श्रीपती. अनिशची आई तो शाळेत असतानाच गेलेली. त्यामुळे लग्नात फोटोग्राफर म्हणाला, "आप्पा, तुम्ही मध्ये या," आणि आप्पा जे मध्ये आले ते आलेच. पूजेला मध्ये, गणपतीत मध्ये, हेदवीच्या देवळाच्या पायरीवरही मध्येच... काठीसारखे ताठ, हसू नाही की काही नाही. आणि सासऱ्यासमोर नवऱ्याला चिकटून उभं राहायचं तरी कसं? छे! म्हणून एका बाजूला अनिश, एका बाजूला मनस्विनी. परक्या माणसाने बघितलं तर त्याला वाटावं, म्हाताऱ्याची दोन मुलंच आहेत ही!

आधी दोघं यावर पोट धरून हसली. अनिश म्हणाला, "आपण पाठवू गं दुसरं काहीतरी." आणि तेवढ्यात, ऐन हंगामात, आप्पा कलमावरून पडले. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा येईना म्हणून स्वतः वर चढले होते, कोणाचं ऐकतील तर शपथ! पायाचं हाड मोडलं, प्लास्टर बसलं. बाग, गडी, पेट्या, आढीतले आंबे उलटसुलट करणं, सगळं मनस्विनीने अंगावर घेतलं. खेडच्या माहेरी तिला आई नव्हतीच, वडील नोकरीपायी मुंबईत. ती मामीकडे वाढली, आणि त्या घरात पहिली पोळी कधी तिच्या ताटात पडली नाही. इथे मात्र एक वेगळीच गंमत होती. बागायतदाराच्या घरात डागी आंबा घरात खायचा आणि चोख आंबा पेटीत भरायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण लग्नानंतरच्या पहिल्या हंगामापासून स्वयंपाकघराच्या फळीवर रोज एक बिनडागाचा, पिवळाधमक आंबा येऊन बसायचा. कोणी ठेवला, विचारायचं नाही. ठेवणारा सांगायचाही नाही. पडवीतून फक्त खाकरल्याचा आवाज यायचा!

अशा बापाला मोडक्या पायाने एकटं टाकून जायचं? तिचं अंतःकरण फाटून गेलं. बरं, अनिशला खरं कारण सांगावं तर तो नोकरी सोडून धावत येणार, इतक्या कष्टाने उभं केलेलं सगळं मातीत जाणार! मग तिने ठरवलं... आपणच वाईट व्हायचं. पुरावे पाठवायचेच नाहीत. मुदत जाऊ दे, अर्ज बुडू दे, पण आप्पांना कळता कामा नये.

मात्र फणसाखाली बोललेलं वाडीत कोणाला कळायचं राहतं का हो! ती तोंड धुऊन मागच्या दाराने घरात शिरली, तेव्हा गंगुबाई पडवीत आप्पांच्या खाटेशी बसून काहीतरी कुजबुजत होत्या. तिला बघताच गप्प झाल्या. "कोकमं बरी सुकतायत यंदा," असं उगाच काहीतरी म्हणाल्या आणि सूप उचलून चालत्या झाल्या.

आणि त्या दुपारी आप्पांनी ताट सरकवलं.

"भाताला चव नाय."

"आप्पा, दुसरा लावू का? मऊ करते थोडा..."

"नको. तुझ्या हातचं आता नकोच मला." ते तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते, नजर समोरच्या कलमांवर. "गंगुबाय जेवण धाडील. रात्री आपला गडी धाकू निजेल पडवीत. उद्या तू खेडला जा."

"आप्पा..."

"हितं तुझं काय काम नाय. सगळ्या घरात आपली तूच तू! बाग माझी, घर माझं. जा म्हटलं ना!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. ज्याच्यासाठी नवऱ्याला, सुखाला, स्वतःच्या संसाराला पाठ दाखवली, त्याच माणसाने दाराबाहेर काढावं? तिच्या ओठांवर आलंही होतं, "आप्पा, मी तुमच्यासाठी काय सोडलंय ते ठाऊक तरी आहे का?" पण नाही बोलली. गिळले ते शब्द, आणि रात्रभर उशी भिजवली.

सकाळी बॅग भरायला घेतली. डोळ्यांत पाणी, हाताला लागेल ते कोंबत होती... दोन साड्या, ड्रेस, तो बिचारा स्वेटर. केस विंचरून परत आली, बॅगेची चेन ओढणार, तर स्वेटरच्या घडीवर काय होतं?

आंबा! बिनडागाचा, पिवळाधमक, हंगामाच्या शेवटच्या आढीतला!

ती बघतच राहिली. पडवीपासून इथवर, वॉकर टेकत टेकत, दुखरा पाय ओढत... आणि हाच माणूस म्हणतो, तुझं काम नाही? डोक्यात लख्ख उजेड पडला. गंगुबाईंची ती कुजबूज, ते सरकवलेलं ताट, ती फिरवलेली नजर... अगं बाई! तो आंबा छातीशी धरून ती पडवीत धावली.

"आप्पा, तुम्हाला कळलंय! सगळं कळलंय! म्हणून मला घालवताय ना तुम्ही?"

आप्पा खाकरले. पण आज खाकरण्याने भागणार नव्हतं.

"मग काय करू गो बाय? गोड बोलून तू गेली असतीस?" आवाज फुटला त्यांचा. "लोकांच्या पोरी जमिनीसाठी, दागिन्यासाठी नवऱ्याशी भांडतात. माझी सून माझ्या मोडक्या पायासाठी नवरा सोडते! कुठल्या तोंडानं गिळू तुझ्या हातचा भात?"

ती त्यांच्या खाटेशी बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली, आणि आप्पांचा तो झाडाच्या सालीसारखा रखरखीत हात, आजवर कधी मायेने पुढे न आलेला हात, तिच्या केसांवर हळूच येऊन टेकला.

तेवढ्यात खळ्यात रिक्षा थांबली. दाढी वाढलेला, डोळे तांबारलेला अनिश खाली उतरला! त्या फोननंतर मिळालं ते विमान पकडून, रात्रभर प्रवास करून आला होता.

"आता तोंडावर सांग, मनू! माझ्याकडे बघून सांग की नाही यायचं!"

तिने हातातला आंबा नुसता छातीशी घट्ट धरला. आणि आप्पा तर घसा साफ करण्यातच गुंतलेले. शेवटी कुंपणापलीकडून गंगुबाईच कडाडल्या, "अरे मेल्या, ती काय सांगते! मी सांगतंय! बापासाठी खोटं बोलली ती तुला. फोन ठेवून ह्या फणसाला मिठी मारून रडत होती! दोन वर्सं ऐकतंय मी तुमचं. खरं कुठलं नि खोटं कुठलं, मला कळत नाय?"

अनिशने बॅग खाली टाकली. आप्पांसमोर, वाडीसमोर, तो सरळ तिच्याजवळ गेला आणि तिला मिठी मारली. आप्पांनी नजर वर, कौलांकडे नेली.

"वेडी आहेस तू," तो एवढंच म्हणाला. "एकटीने ठरवलंस? आप्पा काय तुझे एकटीचेच आहेत?"

"हो," ती हुंदक्यातच म्हणाली, "माझेच आहेत!"

मग चहा झाला, पोटभर रडणं झालं, आणि गोष्ट पुराव्यांवर आली. मुदत अजून शिल्लक होती. "आम्हाला ओळखणाऱ्यांनी लिहून द्यायचंय," अनिश म्हणाला. आप्पांनी कागद घेतला, पेन घेतलं, आणि बराच वेळ बसून 'माझा मुलगा' एवढंच लिहिलं. मग पेन ठेवलं.

"मला असलं लिवायला जमत नाय. बोलायला पण जमत नाय रे माणसांसमोर." कागद बाजूला सारत ते म्हणाले, "देवासमोर जमतं."

आणि खरंच होतं ते! घरात दिवसाला चार शब्द बोलणारे आप्पा, पण वाडीच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. शिमग्याला पालखीपुढे नारळ हातात घेऊन उभे राहिले की असा आवाज लागायचा, असे शब्द यायचे, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा!

झालं! संध्याकाळी खुर्चीत बसवून धाकूने नि अनिशने त्यांना वाडीच्या देवळात नेलं. सगळी वाडी मागून. अनिशने मोबाइल शूटिंगला लावला. आप्पा वॉकर धरून उभे राहिले, नारळ हातात घेतला, आणि...

"बा देवा महाराजा! वाडीच्या राखणदारा! आज श्रीपती तुझ्या पायाशी उभा हाय!"

"व्हय महाराजा!" सगळी वाडी एका सुरात.

"माझा अनिश नि माझी मनस्विनी, यांचं लगीन तुझ्या साक्षीनं झालं. एक समुद्राच्या अल्याड, एक पल्याड, तरी दोघांनी संसार केला. फणसाखाली उभं राहून केला!"

"व्हय महाराजा!"

"तो तिकडं तापानं पडला, तर ही हितं जेवली नाय. हिच्या वाढदिवसाला तो फोनवर गाणं गायला. तो बेसूर आवाज आम्ही समद्यांनी सोसला!"

"व्हय व्हय महाराजा!" गंगुबाई सगळ्यांत जोरात. अनिश कानापर्यंत लाल!

"फोटोत मी म्हातारा मधी उभा राह्यलो. पण यांच्या मनात मधी कोण नव्हता रे बाबा! लेकीसारखी म्हणत नाय मी... लेकच हाय ती माझी. माझ्यासाठी आपला संसार मोडायला निघाली." त्यांनी नारळ कपाळाला लावला. "तिला वाट दे! तिच्या नवऱ्याकडं सुखरूप ने... आणि आंब्याला, दर आंब्याला, माहेरी आल्यासारखी माझ्या दारात परत आण!"

"व्हय महाराजा..." या वेळी मात्र कोणाचा आवाज नीट निघाला नाही.

अनिशने त्याचं इंग्रजीत भाषांतर केलं, अगदी 'व्हय महाराजा'सकट. गंगुबाईंनी आपलं निवेदन तोंडी सांगितलं, ते पाच पानं झालं. आता राहिला फक्त दोघांचा फोटो. फणसाखाली दोघं उभी राहिली, खेटून! धाकू मोबाइल घ्यायला पुढे आला, तर आप्पा म्हणाले, "आण हिकडं. आज मी काढतो. मी असलो की मधी येतो ना!"

वॉकरवर एक हात, दुसऱ्या हातात मोबाइल, तोंड गंभीर. "हसा," ते म्हणाले, जन्मात पहिल्यांदा.

व्हिसा आला तेव्हा आप्पा काठीवर चालत होते. निघताना मनस्विनी एवढी रडली की रिक्षावालासुद्धा डोळे पुसायला लागला, आणि आप्पा खाकरत खाकरत फाटकापर्यंत आले. आता रोज तिन्हीसांजेला ते स्वतः फणसाखाली उभे राहतात, फोन कानाला, आणि पर्थपर्यंत फोनशिवायच ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतात, "जेवलीस का गो बाय?" गंगुबाई आपल्या खळ्यातून उत्तराची वाट बघतात.

आणि तिकडे पर्थच्या घरात, भिंतीवर, तो फोटो लावलाय. फणस, अनिश, मनस्विनी, दोघं अगदी जवळ, हसून हसून डोळे बारीक झालेले. पण कोपऱ्यात एक मोठा तपकिरी गोल डाग आहे, निम्म्या फणसावर आलेला. नवीन मैत्रीण घरी आली की हमखास विचारते, "फोटो किती छान आहे गं! पण हे कोपऱ्यात काय आलंय?"

मनस्विनी त्या अंगठ्यावरून बोट फिरवते. कॉपी काढताना तो कापता आला असता, पण तिने कापू दिला नाही.

"ते?" ती म्हणते. "ते आमचे आप्पा. बाजूला उभे आहेत."