बहर सरेना

अक्षय्य तृतीया आली तरी निकमांच्या परसातला वसंत हलायला तयार नव्हता. कोरेगावात बाहेर सगळीकडे उन्हाने रस्ते भाजत होते, आणि इथे कांचन गुलाबी, पांगारा लालभडक, फांदीफांदीवर दयाळ पक्ष्यांची शीळ. उन्हाळा वाढत वाढत खरा वसंत चार दिवसांपुरताच उरला, तेव्हा लोकांनी 'चिरबहर' जातीची झाडं लावायला सुरुवात केली. एकदा फुलली की फुललेलीच राहणारी झाडं! निकमांच्या तेजस्विनीबाईंनी तर हौसेने पाच लावली. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खरंच.

त्यात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. फाल्गुनाच्या आरंभी, आठवा संपता संपता, बाईंनी याच फुलांनी ईराची वाडी भरली. फुलांचा मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा. फुलं कोमेजेनात, म्हणून ईरा रोज तीच लेवून कांचनाखाली खाटेवर बसायची आणि पाखरं ऐकायची.

पाडव्याला दिवस भरले. कळा आल्या नाहीत. आता पाडव्यालाही महिना उलटला होता. बाळाचे ठोके ठणठणीत होते, पण वाढ आठव्या महिन्याचीच. घरी येऊन ओसरीवर तपासणाऱ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई चक्रावल्या आणि त्यांनी पुण्याच्या डॉ. नसीम मुजावरांना कळवलं. चिरबहराची जात मुजावरांनीच तयार केली होती.

मुजावर सकाळीच आल्या, पण कुंपणाबाहेरच थांबल्या.

"तुमच्याकडे बुलबुलाचं घरटं आहे का? अंडी कधीची?"

तेजस्विनीबाईंनी मान वळवून घरट्याकडे पाहिलं. अंडी फाल्गुनातलीच होती. बारा-तेरा दिवसांत फुटायची अंडी दोन महिने ऊबदार राहिली होती आणि बाई ती रोज बघत होत्या. कुणाला बोलल्या मात्र नव्हत्या. लेक घरात आहे, हसतेय, चाललंय ते चालू दे, असं त्यांनी मनाला समजावलं होतं. आता त्याची लाज वाटली.

"दोन महिने झाले," त्या म्हणाल्या. "पण त्याचा ईराशी काय संबंध?"

"आंब्याच्या अढीत एक पिकला की बाकीचे पिकतात, बघितलंय ना? पिकलेल्यातून वायू सुटतो. तो शेजारच्याला निरोप देतो, चल, पुढच्या पायरीवर ये. आम्ही तो निरोप अडवणारं द्रव्य झाडात घातलं. ऋतुरोध म्हणतो आम्ही त्याला. फूल फुलतं, पण पुढे जा हे त्याला कळतच नाही."

"अहो, पण माझी पोरगी काय झाड आहे?"

"नाही. आम्हीही असंच म्हणत होतो." मुजावरांचा आवाज खाली गेला. "ऋतुरोध परागांत उतरला. कातडीतून शिरतो, मास्कने थांबत नाही. आणि तो झाड, पाखरू, माणूस असा भेद करत नाही. जे अर्ध्यावर आहे, त्याला अर्ध्यावर धरून ठेवतो."

बाई कुंपणाजवळ सरकल्या. "मग तिला इथून हलवलं तर?"

"अडलेली वाढ काही तासांत एकदम होते. साठ दिवसांपर्यंत थोपवलेले जीव आम्ही वाचवलेत. त्यापुढचा एकही वाचला नाही." त्यांनी बाईंकडे रोखून पाहिलं. "आज साठावा दिवस आहे. हॉस्पिटलात तयारी आहे, गाडी उभी आहे. आत्ता न्या."

"मग आत या की, धरू दोघी मिळून तिला."

"माझी तीन माणसं अशाच परसांत माणसं आणायला गेली. धडधाकट आहेत, पण अजून बाहेर आलेली नाहीत. का, ते मला कळलेलं नाही. पूर्ण अंग झाकणारे पोशाख घालून पथक निघालंय, पण त्यांना पोचायला उद्या उजाडेल. बाई, मी हात जोडते, जा!"

तेजस्विनीबाई जवळजवळ पळतच कांचनापाशी गेल्या.

"ईरा, ऊठ. हॉस्पिटलात जायचंय. आत्ताच्या आत्ता."

"हो गं आई," ईरा गोड हसली. "एवढी शीळ संपू दे."

"खुळी आहेस का? बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे!" बाईंनी तिचा दंड धरला. ईराने विरोध केला नाही. उठलीही नाही. बाई क्षणभर टेकल्या, म्हटलं दम घेऊ आणि ओढू. वरून परागांची पिवळी भुकटी त्यांच्या मनगटावर पडली.

कुंपणापलीकडून मुजावर ओरडत होत्या. प्रत्येक शब्द बाईंना स्पष्ट ऐकू येत होता. उद्या नेलं तर नातवंड जगणार नाही, हेही लख्ख कळत होतं. पायांत बळ होतं, गुडघे दुखत नव्हते, कुणी धरलेलं नव्हतं. उठायचं त्यांनी ठरवायला घेतलं होतं. ठरवायला घेतलं होतं, एवढंच. पुढचं होत नव्हतं.

मग मुजावरांच्या त्या तीन माणसांचं काय झालं असेल ते त्यांना कळलं, आणि त्या भीतीने गार पडल्या. ओरडून सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. हात ईराच्या पोटावर होता. आतून बाळाने जोरात लाथ मारली.

"उद्या," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळीच नेऊ."