जिभेखालचा मणी

व्हिएन्नात सकाळचे नऊ वाजले होते आणि गार्गी पुजारी ट्रामच्या खिडकीशी बसून भरलेली घागर न्यावी तशी मान सावकाश वळवत होती. झटका बसला की पाहुण्याला मळमळतं. आजचा पाहुणा मिरजेतल्या एका केंद्रात, डोक्याला जाळी बांधून, डोळे मिटून खाटेवर पडला होता. तो तिचा बापच होता.

सांगायला हवं ते एवढंच, की या शहराने गर्दीला कंटाळून बाहेरच्यांसाठी दार जवळजवळ लावून घेतलं होतं. दिवसाला बारा हजार माणसं, बस. नंबर लागेपर्यंत लोक म्हातारे व्हायचे. म्हणून वाहक आले. वाहक शहरात हिंडतो, बघतो, खातो, आणि त्याच्या अंगातल्या नसांमधून जे संदेश जातात ते जसेच्या तसे दूरच्या पाहुण्यापर्यंत पोचतात. त्यासाठी डोळ्यांचा आणि कानांचा मिळून कानामागे एक मणी, नाकात एक, बोटांत दोन, आणि सगळ्यात नाजूक तो जिभेखाली. पाहुणा घरबसल्या राजवाडा बघतो, केक खातो, आणि वर वजनही वाढत नाही म्हणून खूश होतो.

गार्गी हे काम पाच वर्षं करत होती. लोक तिला मागून घ्यायचे. ती मन लावून खाते, असं पाहुण्यांचं म्हणणं होतं.

आता खरं सांगायचं तर गेले आठ महिने गार्गीच्या जिभेला कशाचीच चव लागत नव्हती. मणी नसेला चिकटून बसतो, तिच्यातले संदेश उचलतो, आणि उचलता उचलता एक दिवस ती नसच थकून गप्प होते. करारात तीन हजार तासांची मर्यादा होती, हिचे सात हजार झाले होते. दर तिमाहीला कंपनीची तपासणी व्हायची. जिभेवर सहा थेंब टाकायचे, काय आहे ते सांगायचं. थेंबांचा क्रम कधी बदलत नसे. गोड, आंबट, खारट, कडू, पुन्हा आंबट, शेवटी नुसतं पाणी. हिने तो पाढ्यासारखा पाठ केला होता. आठ महिने ती पाहुण्यांना पुरातत्त्वाच्या गप्पा सांगून, संगीत ऐकवून, चित्रं दाखवून वेळ मारून नेत होती; खाण्याच्या सहली तब्येतीचं कारण सांगून टाळत होती.

पण आपल्याच बापाला, अण्णांना, कसं टाळणार?

नरहरी पुजारी म्हणजे कुरुंदवाड-वाडीच्या पंचक्रोशीतले नामांकित आचारी. हजार पानांच्या पंगती त्यांनी हसत उठवलेल्या. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी स्वयंपाक चाखायचा नाही, हा त्यांच्या घरातला दंडक, त्यामुळे चाळीस वर्षं त्यांनी आमटीचं मीठ नुसत्या वासावर ठरवलं असं लोक म्हणत, आणि ते कधी चुकलं नाही. अशा माणसाच्या घशात गाठ निघावी, याला काय म्हणायचं? डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. श्वास गळ्यातल्या भोकातून, म्हणून वास गेला. अन्न पोटातल्या नळीतून, म्हणून चव गेली. चौदा महिने झाले. आता डॉक्टर महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांची भाषा बोलू लागले होते. वाहकांना वर्षातून एक दिवस घरच्यांसाठी मिळत असे, तो अण्णांनी स्वतःहून मागितला होता.

"एकदा काहीतरी खायचं आहे," एवढंच त्यांनी पाटीवर लिहिलं होतं.

ते पाटीवर बोटाने लिहायचे आणि यंत्र ते गार्गीच्या कानात वाचून दाखवायचं. आवाज बातम्या देणाऱ्या एखाद्या तरुणाचा. अण्णांचे शब्द, आणि असा गुळगुळीत आवाज.

"हा ऑपेरा, अण्णा," ती पुटपुटली. "आणि पुढे तो घुमट दिसतोय ना, तिथे राजाचा संग्रह आहे."

थोड्या वेळाने कानात आवाज आला, "न्याहारी केलीस का?"

"आता करूच की. तुमच्याबरोबर."

शहरातल्या एका जुन्या कॉफीघरात ती शिरली. संगमरवरी टेबलं, लाल गाद्या, चांदीच्या तबकात कॉफी आणि शेजारी पाण्याचा ग्लास. तिने सफरचंदाचा श्ट्रूडल मागवला. कागदासारख्या पातळ पारीत गुंडाळलेलं सफरचंद, मनुका आणि दालचिनी. तिने चमचा उचलला. मनातल्या मनात ती जिभेची विनवणी करत होती, आजच्या दिवस, फक्त आजच्या दिवस. घास आत गेला. ऊन, मऊ, ओला. बाकी काही नाही. ओला कापूस चावल्यासारखं.

तिचा जीव टांगणीला लागला.

"हिरवं सफरचंद आहे," कानात आवाज आला. "आंबटपणा राखलाय. दालचिनी जरा हात सैल सोडून घातलीय. पारी उत्तम."

गार्गीने चमचा खाली ठेवला, कारण डोळे भरून आले तर पाहुण्याला धूसर दिसतं. म्हणजे जीभ मेली नव्हती. संदेश निघत होते, पोचत होते, फक्त तिला स्वतःला कळत नव्हते. असं होऊ शकतं का, हे तिने कुणाला विचारलं नव्हतं, आणि आता विचारायचंही नव्हतं. तिने अख्खा श्ट्रूडल संपवला, वर आणखी एक मागवला.

मग काय विचारता. बाजारात ती वेड्यासारखी हिंडली. ऑलिव्ह, चीज, तिळाचा हलवा, लोणच्याची काकडी. अण्णा प्रत्येक घासाला दाद देत होते. काकडीला "व्हिनेगर चांगलं मुरलंय," हलव्याला "तीळ जरा जास्त भाजलेत." मिरजेला खाटेशी बसलेली नलूआत्या, म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, मध्येच लाइनवर आली.

"गार्गे, किती खायला घालशील त्याला? इथं बघ, हसतोय मेला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा."

"अजून जेवण व्हायचंय, आत्या."

जेवायला तिने एका बोळातली लहानशी खानावळ निवडली. अण्णा शाकाहारी, म्हणून लाल भोपळ्याचं सूप, वर भोपळ्याच्या बियांचं हिरवं तेल. वास घमघमत होता. तो तिलाही येत होता. नाक अजून शाबूत होतं. तिने मोठे मोठे तीन-चार चमचे घेतले.

"भोपळा भाजून घेतलाय. जायफळ आहे," आवाज म्हणाला. "मीठ अगदी बेताचं. झकास."

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या म्हातारीने तोंडातला घास रुमालात थुंकला. तिच्या मैत्रिणीने वाटी दूर लोटली. पलीकडचा एक गृहस्थ घटाघटा पाणी पीत होता. वाढपी लगबगीने बाहेर आला, लालबुंद झालेला. माफ करा, सूप खाऊ नका, आत दोघांनीही पातेल्यात मीठ घातलंय, दुप्पट-तिप्पट झालंय, असं सांगत त्याने वाट्या उचलायला सुरुवात केली. गार्गीची वाटी अर्धी रिकामी बघून तो थबकला. "तुम्ही हे खाल्लंत?" त्याने विचारलं.

मिठाला वास नसतो. अण्णांचं चाळीस वर्षांचं कसब पातेल्यात मीठ पडताना बघण्यावर, मुठीवर, उकळीच्या आवाजावर चाललं होतं. नुसत्या वासावर ही लोकांची समजूत. पारी, दालचिनी, भाजलेले तीळ, सगळं नाकाने आणि दाताने कळणारं होतं. बाकीचं अण्णा अंदाजाने भरत होते.

तिने वाढप्याला वाटी राहू दे अशी खूण केली.

"अण्णा," ती म्हणाली, "पहिल्या घासापासून काहीच लागलं नाही ना तुम्हाला?"

 मग तो तरुण आवाज शांतपणे म्हणाला, "नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"वास येत होता. चौदा महिन्यांनी. तो खोटा नव्हता." आणि थांबून, "किती दिवस झाले तुला?"

खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. "आठ महिने."

"आठ महिने तू जेवलीच नाहीस म्हणजे."

"जेवते की. पोट भरतं."

"पोट माझंही भरतं. नळीने."

गार्गी रडायला लागली. तिने डोळे मिटून घेतले, म्हणजे मिरजेत नुसता काळोख. वाढपी पाणी ठेवून हळूच निघून गेला.

"मणी काढला तर परत येतं का?" अण्णांनी विचारलं.

"निम्म्या लोकांचं येतं म्हणतात. वर्षाने, दोन वर्षांनी. लवकर काढला तर आशा जास्त. पण काढला की काम गेलं, आणि काम गेलं की इथलं राहणंही."

"आज काढ."

"संध्याकाळी काढते. अजून चार तास आहेत आपले. खायचं नाही, नुसतं बघू. ते मोठं चाक आहे ना, त्यात बसू, वरून नदी दिसते. अण्णा, पुन्हा हा दिवस मिळणार नाही, तुम्हाला माहीत आहे. चार तासांनी माझ्या जिभेचं काय बिघडणार आहे?"

"बिघडणार नाही. पण तुझ्या तोंडातून मला आता घास जात नाही, पोरी."

"मग नुसतं बघा म्हणतेय ना."

"मी व्हिएन्ना बघायला आलोच नव्हतो. फोनवर तू रोज जेवले म्हणतेस आणि रोज वाळत चाललीस. आचारी आहे मी, जेवलेला माणूस मला दिसतो. तू जेवतेस का, ते आतून बघायला आलो होतो."

ती काही बोलणार, तोच कानात बारीक टक असा आवाज झाला. कानामागच्या मण्याची ऊब गेली. पाहुणा जोडलेला असल्याचा मनगटावरचा हिरवा ठिपका विझला. पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं; पाहुणे मुदत संपेपर्यंत सोडायचे नाहीत. ती त्या खानावळीत अचानक एकटी झाली. तिने वेड्या आशेने चमचाभर सूप पुन्हा तोंडात घातलं आणि गिळलं. काही नाही. इतकं मीठ, आणि काही नाही. 

फोन वाजला. नलूआत्या होती, आवाज घाबराघुबरा.

"अगं, अण्णानं स्वतःच्या हातानं जाळी उपटून टाकली. इथली पोरगी ओरडली, पण ऐकतोय कुठला. काय झालं तुमचं? भांडलात का?"

"नाही, आत्या. मी येतेय घरी."

"कधी?"

"दवाखान्यात जाऊन मणी काढायचा, मग कागदपत्रं. चार दिवस तरी. आत्या, चार दिवस..." तिला पुढचं विचारवेना.

"आहे तो," आत्या म्हणाली. "आज तरी आहे बाई. उद्याचं मी काय सांगू?"

पलीकडे पाटीवर बोट घासल्याचा आवाज आला. आत्या डोळ्यांना चष्मा लावून वाचत असावी, कारण ती शब्द शब्द सुटा करून बोलू लागली.

"म्हणतोय, नलूच्या हातून करवून घेतो, मी सांगेन तसं. आल्या आल्या पानावर पाहिजे म्हणतोय. आणि विचारतोय, काय करू? काय खावंसं वाटतंय तुला?"

गार्गी आठवू लागली. पुरणपोळी, कटाची आमटी, दहीभात, मेतकूट. नावं भराभर आली, रंग आले, पानावरच्या जागाही आल्या. एकाही नावामागे चव येईना. ती जिभेच्या टोकापर्यंत जाऊन चाचपडत राहिली.

"गार्गे, तो थांबलाय," आत्या म्हणाली. "काय सांगू त्याला?"