एबरहार्ड रुप हाजिर

सप्टेंबरातल्या एका कोरड्या सकाळी ओटिलिया रुप शेजारच्या योस्टच्या गाडीतून कोर्टाला निघाली. पेन्सिल्व्हानियातले अकरा जर्मन शेतकरी त्या दिवशी शपथ घेऊन इंग्रज राजाची प्रजा होणार होते. सात वर्षांची वस्ती, चर्चचा दाखला आणि शपथ, एवढं झालं की जमीन आपली आणि आपल्यामागे पोरांची. शपथेआधी गेलेला माणूस परकाच राहायचा, आणि परक्याची जमीन सरकारजमा व्हायची.

ओटिलियाचा नवरा एबरहार्ड नऊ दिवसांपूर्वी तापानं गेला होता. त्याचा चर्चचा दाखला तिनं कमरेला खोचला होता.

"वहिनी, मेलेल्या माणसाची शपथ कोण घेणार?" योस्ट म्हणाला.

"जंगल त्यांनी तोडलं, भावजी. तीन पोरी आहेत पदरात. मी तिथून हलायची नाही."

कोर्टात दहा शपथा झाल्या. त्यात योस्टचीही झाली. कारकुनानं अकरावं नाव खोडायला टाक उचलला.

"खोडू नका," ओटिलिया मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "यादीतलं नाव तीनदा पुकारायचं. तुमचाच नियम आहे."

"बाई, तो मेलाय."

"मग पुकारायला भीती कसली?"

न्यायाधीश कंटाळले होते. "पुकारा. म्हणजे जाईल घरी."

पहिल्या पुकाऱ्याला मागच्या बाकांवर खसखस पिकली. दुसऱ्याला बाहेरचे घोडे एकदम गप्प झाले. तिसऱ्याला दारातून ओल्या मातीचा वास आत आला. महिनाभर पावसाचा थेंब नव्हता.

मग पावलं वाजली. चिखलातून पाय उपसत यावं तशी जड, डावा पाय किंचित ओढणारी. ओटिलियाला ती चाल ओळखीची होती. तिनं मान वळवली नाही.

कारकून शपथ वाचू लागला. आपण का वाचतोय, हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. प्रत्येक वाक्यामागून एक घोगरा आवाज तेच वाक्य म्हणत होता... घशात माती अडकल्यासारखा.

"आता... सही," कारकून पुटपुटला.

टाक त्याच्या बोटांतून निसटला. एबरहार्डला लिहिता येत नसे. तो नांगराच्या फाळाची खूण करी. तीच खूण कागदावर ओली चमकत होती.

"हे... धरता येणार नाही," न्यायाधीश म्हणाले.

"शपथ झाली, सही झाली. शिक्का मारा," ओटिलिया म्हणाली. "नाहीतर धरता येणार नाही, हे त्यांनाच सांगा. इथंच उभे आहेत."

न्यायाधीशांनी शिक्का मारला.

परतताना गाडी इतकी जड झाली की सपाटीवरही घोड्यांच्या तोंडाला फेस आला. चर्चच्या कबरस्तानापाशी ओटिलियानं गाडी थांबवायला सांगितली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "जमीन आपली झाली. उतरा आता."

गाडी एकदम हलकी झाली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून कुणीतरी दबक्या आवाजात आपलं नाव सांगितलं. मग दुसऱ्यानं सांगितलं. मग तिसऱ्यानं... शपथेआधीच गेलेली माणसं होती ती. ओटिलिया शाल सावरून ताठ बसली.

"सांगा. एकेक करून सांगा. पुढच्या वेळी सगळ्यांची यादी नेते."

नावं येत राहिली. शेवटचं नाव योस्टचं होतं, आणि आवाजही त्याचाच होता. मग आज कोर्टात त्याच्या नावानं शपथ घेतली होती कुणी?

योस्ट तिच्याशेजारी ओठ घट्ट मिटून बसला होता.