दोर कुणी तोडला

सूर्य मावळायच्या आत समुद्रावर तरंगणारा एक टॉर्पेडो शोधून परत आणायचा, एवढंच आमचं काम होतं. युद्धनौकेनं तो सरावासाठी सोडला होता. आत स्फोटकं नव्हती. उचलून पुन्हा वापरायचा होता. अशा कामांच्या बोटी नौदलाच्या असतात, वरची माणसं मात्र बिनवर्दीची. आम्ही तिघे होतो. बोटीचे प्रमुख तांडेल कान्होजी, निवृत्तीला आठ महिने उरलेले. इंजिन सांभाळणारा सौरव. आणि खलाशी म्हणून मी, अभिराम. सौरव ग्वाल्हेरच्या पडाव मोहल्ल्यातला, मी तिथल्याच लष्कर भागातला. पंचविशीपर्यंत दोघांनीही समुद्र पाहिला नव्हता.

चार तास शोधलं. वारा वाढत गेला, पाणी काळवंडलं, आणि बोट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर लोळू लागली.

"अभि, वो देख! नारंगी!" सौरव इंजिनखोलीच्या दारातून ओरडला.

लाटेच्या पाठीवर टॉर्पेडोचं नारंगी नाक चमकलं. सौरव मदतीला डेकवर आला. दोन प्रयत्न हुकले. तिसऱ्यांदा दोराचा आकडा त्याच्या कडीत बसला! मी दोर मागच्या खुंटाला गुंडाळला, तेवढ्यात मोठी लाट आली. टॉर्पेडो मागे ओढला गेला, दोर ताणला गेला आणि सौरवचा पाय त्याच्या वेढ्यात सापडला.

"पाँव! अभि, पाँव फँस गया!"

मी दोर सोडवू पाहिला. हलेना! बोटीची मागची बाजू पाण्याखाली दबू लागली. कान्होजींना सुकाणू सोडता येईना. सुकाणू सुटलं असतं तर बोट आडवीच झाली असती. त्यांनी रेडिओवर मदत मागितली; युद्धनौकेवरून उत्तर आलं, "टॉर्पेडो सोडू नका. चाळीस मिनिटांत पोहोचतो."

चाळीस मिनिटं!

मी कुऱ्हाड उचलली. कुणाला विचारलं नाही. एक घाव. दुसरा. तिसऱ्याला दोर तुटला.

टॉर्पेडो पुन्हा सापडला नाही. सौरव वाचला, पण त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीत अधिकाऱ्यानं विचारलं, "दोर तोडायचा हुकूम कुणाचा?"

मी तोंड उघडलं.

"माझा, साहेब," कान्होजी म्हणाले.

मी तोंड मिटलं. त्यांना कामावरून काढलं. मी राहिलो.

सौरवला घेऊन मी ग्वाल्हेरला आलो. त्याची आई, दुर्गाबाई, कान्होजींना दुवा देत होती.

"आई, दोर ह्यानं तोडला," सौरव म्हणाला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मग चौकशीत का नाही बोललास?"

त्याच आठवड्यात मी चौकशी अधिकाऱ्याला खरं काय ते लिहून पाठवलं. महिन्यानं दोन ओळी आल्या: चौकशी पूर्ण झाली आहे, प्रकरण पुन्हा उघडता येणार नाही.

कान्होजींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग विचारलं, "सौरव चालायला लागला का रे?"