बेचाळीस बालद्यांचं धरण

लवू परब महापालिकेत चावीवाला होता. काळाचौकीच्या गल्ल्यांना पाणी सोडायचं आणि बंद करायचं, हे त्याने चौतीस वर्षं केलं. कुणाच्या घरी किती हंडे भरतात यावरून तो त्या घरचं सगळं ओळखायचा. दोन वाढले की पाहुणा, चार वाढले की बाळंतपण, आणि एकाएकी निम्मे झाले की चुली वेगळ्या. म्हणून यंदा गणपतीत मंडळाने महाराष्ट्रातल्या धरणांचा देखावा ठरवला, तेव्हा पाण्याचं खातं कुणाकडे द्यायचं यावर सभा घ्यावी लागली नाही.

देखावा बांधला मंडळातल्या धनेशने. फायबरच्या पाच टाक्या. कोयनेखाली दिवे लागत होते, जायकवाडीतून कालवे सुटत होते, उजनीखाली ऊस डोलत होता. भातसाचा पाइप थेट मुंबईतल्या एका चाळीच्या नळाला, आणि नळावर भांडणाऱ्या दोन बायका. त्या कोण, यावरून खऱ्या चाळीत आधीच दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं.

पाचवं धरण दोडामार्गाकडचं. ते लवूच्या आईच्या, मीराबाईच्या हट्टापायी. परबांचं गाव त्या धरणाच्या पोटात गेलं होतं. धनेशने म्हातारीला विचारून विचारून टाकीच्या तळाशी अंगठ्याएवढी अकरा घरं बसवली, गावच्या राखणदार देवाची शिळा उभी केली, आणि परबांच्या घराला बारीक बिजागरीवर दार लावलं. उघडं.

"उघडंच का, आजी?"

"तसाच रवला," म्हातारी म्हणाली. "ता दार लागल्याशिवाय माझो जीव जावचो नाय."

लवूने ऐकलं न ऐकलंसं केलं. गावात पाणी अडवायचं, मग ते वाफ्याएवढं का असेना, तर आधी राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं, असा रिवाज. गाऱ्हाणं घालायचा मान परबांचा. गाव सोडायच्या दिवशी लवू तिथेच होता. पण रजा संपत आली होती, एसटी उभी होती, आणि एवढं सरकारी धरण एका दगडाला विचारून थोडंच भरणार, असा त्याचा रोकडा हिशोब. घाईत घराचं दारही ओढायचं राहिलं. वीस वर्षांत म्हातारीने त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त खोलीचं दार लावलं की कडीवरून दोनदा हात फिरवायची. लवूला ते दोन हात चांगले ठाऊक होते.

चतुर्थीच्या आदल्या दुपारी टाक्या भरल्या. पाचवीत बेचाळीस बालद्या मावणार, हे लवूने आधीच काढलं होतं. बेचाळीस झाल्या. पाणी शिळेच्या पायथ्याशी येऊन थांबलं होतं.

पन्नास झाल्या. सत्तर झाल्या. पाणी तिथेच.

धनेशने खाली वाकून पाहिलं. टाकीखाली पसरलेला पेपर कोरडा ठणठणीत होता. "काका, मोजायला चुकलात," तो म्हणाला, पण हसला नाही. नव्वदावी बालदी ओतताना लवूला पाणी पडल्याचा आवाज ऐकू आला. फार खालून. डोंगराच्या कपारीतून ऐकू यावा तसा. वीतभर खोल टाकीतून ओल्या जांभ्याचा वास वर आला.

खुर्चीत बसलेली मीराबाई शांतपणे म्हणाली, "तेका इचारल्याशिवाय पाणी कसा चढात?"

लवूने बालदी खाली ठेवली. चपला काढल्या. शब्द येतील असं त्याला वाटलं नव्हतं, पण आले, बापाच्या आवाजात आले.

"बा राखणदारा, इचारूचा रवला. चुकी माझी. ती पदरात घी, आणि पाण्याक वाट दी."

"होय म्हाराजा," म्हातारी म्हणाली. मागून धनेशही पुटपुटला.

होकार दोघांचा यायला हवा होता, पण आला तो गावभराचा. लवूने आयुष्यभर मोजण्याचंच काम केलं होतं. दोन आवाज कुठले आणि गावभर आवाज कुठले, हे त्याला कळत होतं.

मग पाणी चढलं. कुणी काही ओतलं नव्हतं. शिळा गेली, कौलं गेली. पाणी काठाला लागून थांबलं, आणि त्यात मंडपाचं छत दिसायच्या जागी आभाळ दिसत होतं. लवूने हात जोडले. काय म्हणून, ते त्याला सांगता आलं नसतं.

दहा दिवस लोक येऊन पाहून गेले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, म्हातारीला खुर्चीत बसवून लवूने टाकी उपसली. बेचाळीस बालद्या निघाल्या. बरोब्बर. उरलेल्या अठ्ठेचाळीसांचं त्याने कुणाला विचारलं नाही.

तळाशी परबांच्या घराचं दार बंद होतं.

धनेशने नखाने ढकललं. हललं नाही.

"कडी लावलीस?" लवूने विचारलं.

"एवढ्याशा दाराला? कडी केलीच नव्हती मी, काका."

लवू वाकला. कान दाराजवळ नेला.

आतून कडीवरून हात फिरला. एकदा. मग आणखी एकदा.

त्याने वळून पाहिलं. खुर्चीत म्हातारीची मान कलली होती, आणि दोन्ही हात मांडीवर होते, स्वस्थ.