नकाशात नसलेली अव्वा

दुकानात शिरलेल्या मुलीनं आधी टेबलावर पेन ड्राइव्ह ठेवला, मग भिजलेली छत्री, आणि मग मान वर केली. ऋतुराजच्या हातातला माउस तिथंच थांबला.

“ही फाईल उघडत न्हाय,” ती म्हणाली. “मोबाईलवर न्हाय. भावजींच्या लॅपटॉपवर तर न्हायच न्हाय.”

“न्हायच उघडणार. मोजणीवाल्यांच्या सॉफ्टवेअरची हाय. तिचा फोटो करावा लागतो. जेपीजी.”

“मग करा की. पाचच्या आत हरकत चढवायची हाय.”

ती रुद्राणी, गडहिंग्लजकडची. नवा रस्ता तिच्या वडिलांच्या, शंकरप्पांच्या, शेतातून आखला होता. हरकत घ्यायची मुभा सगळ्यांना होती. फक्त नकाशा दिला होता कुणाकडंच न उघडणारा, आणि परत मागितला होता जेपीजीत, दोन एमबीच्या आत. एवढं सोडलं तर काम सोपं होतं.

शाहूपुरीतल्या त्या कॉम्प्युटर-झेरॉक्सच्या दुकानात ऋतुराज दिवसाला असे वीस नकाशे करायचा. हाही केला. रुद्राणी वाकून बघत राहिली… बराच वेळ.

“अव्वा कुठं हाय?”

ऋतुराजनं उगाच दाराकडं पाहिलं.

“माझी आई. चार वर्षं झाली तिला जाऊन. आमच्यात शेतातच पुरतात. विहिरीच्या वरच्या अंगाला समाधी हाय. रस्ता तिच्यावरनं जातोय, एवढंच तर सांगायचं हाय… आणि ती फोटोत न्हाय.”

ऋतुराजनं मूळ फाईल पुन्हा उघडली. असल्या फाईलीत प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरावर असते. रस्ते एकावर, विहिरी दुसऱ्यावर. फोटोत उतरतात ते फक्त चालू असलेले थर. यादीच्या तळाशी एक थर होता. नाव ‘इतर’. बंद.

त्यानं तो चालू केला. विहिरीजवळ एक लहानसा चौकोन उमटला. रस्त्याची रेघ बरोबर त्याच्यावरून गेली होती.

“चुकलो,” तो म्हणाला. “बंद काय हाय ते मी बघितलंच न्हाय.”

“दिसली न्हवं आता?” तिनं बोट पडद्याला लावलं, मग छातीला. पडद्याला हात लावणाऱ्यावर ऋतुराज एरवी खेकसत असे. प्रेम नेमकं कुठं सुरू झालं असं विचारणाऱ्यांनी इथं खूण करून ठेवावी.

पाचला आठ मिनिटं कमी असताना हरकत चढली.

“पुढं काय हुईल ते कळवा,” तो म्हणाला.

“कुणाला? दुकानाला?”

“…दुकानाला बी.”

तिनं दुकानाला चार महिने नियमित कळवलं. रविवारी दुकान बंद असे, तेव्हाही. मग एक दिवस रेघ चाळीस फूट सरकल्याचं पत्र आलं, आणि ऋतुराज एसटीनं गडहिंग्लजला उतरला.

शंकरप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “पावणं, बंद काय हाय ते बघायची सवय लागली का न्हाय?”

“लागली.”

“मग जावा. ती वर हाय.”

समाधीवर रुद्राणीनं बेलपान ठेवलं, कन्नडमध्ये हळूच काहीतरी म्हणाली.

“काय सांगितलंस?”

“तुला फोटोतनं गाळणारा त्यो ह्योच, म्हणून.”

“एवढंच?”

“बाकीचं तू सांग की. मराठीत सांगितलंस तरी चालतंय… अव्वाला समजायचं.”

ऋतुराज गुडघे टेकून बसला. रुद्राणीला जे सांगायला चार महिने धजावला नव्हता, ते त्यानं सगळं अव्वाला सांगितलं. अगदी सावकाश, काही न गाळता.

रुद्राणी शेजारीच उभी होती.