उजव्या हाताची ऊब

येवल्यात पन्नाशी उलटलेल्या कुठल्याही विणकराच्या मानेवरून हात फिरवा, कातडीखाली तांदळाएवढा दाणा लागतोच. मानेचे पट्टे आता जुन्या फोटोंतच दिसतात. जन्मभर मान खाली घालून पैठणी विणली की मणक्यांमधल्या गाद्या झिजतात, सरकतात, हाडाला कंगोरे फुटतात आणि हाताकडे जाणारी नस त्यात चेपते. आधी मुंग्या, मग कळा, शेवटी बधिरपणा. पूर्वी त्यावर व्यायाम, गोळ्या, मणक्यात इंजेक्शन आणि कशानेच भागलं नाही तर हाड कोरून नसेला वाट करून देणं, एवढेच उपाय होते. तेव्हा ऑपरेशनच्या नावानेच माणसं अर्धी व्हायची.

हा दाणा म्हणजे पूरकसेतू. तो नस सोडवत नाही. चेपलेल्या जागेतून बोटांचा जेवढा अर्धामुर्धा निरोप येतो तेवढा वाचतो, राहिलेला स्वतः भरतो आणि मेंदूकडे धाडतो. विणकर त्याला ‘जोड’ म्हणतात, तुटल्या धाग्याला देतात तशी.

स्नेहलबाईंना उजव्या बाजूला जोड बसवून आठ वर्षं झाली होती. नाव असं तरुण, वय अडुसष्ट. त्या आणि त्यांचे यजमान हेमंतराव एकाच मागावर शेजारी बसत. पदरावरचा मोर विणताना रेशमाची तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, हेमंतरावांच्या हातातून स्नेहलबाईंच्या हातात जाई. त्याच हेमंतरावांना आज सकाळी डॉक्टरांनी मृत घोषित केलं होतं. अंगणात तिरडी बांधून झाली होती, आणि स्नेहलबाई त्यांचा हात सोडायला तयार नव्हत्या.

“गरम हाये हात,” त्या म्हणत होत्या. “जित्या माणसाला नेता का रे?”

बायांनी पदराने डोळे पुसले. दुःखाने डोक्यावर परिणाम झाला, असं सगळ्यांनी धरलं. मुलगा तेजस मात्र घाबरला. आईने आयुष्यात कधी उगाच काही म्हटलं नव्हतं. त्याने डॉक्टर मैत्रेयी सबनीसांना बोलावलं. सेतू बनवणाऱ्यांपैकी त्या एक, आणि आईला जोड त्यांनीच बसवली होती.

मैत्रेयीने हेमंतरावांची नाडी पाहिली. मग स्नेहलबाईंचा डावा हात धरून हेमंतरावांच्या हातावर ठेवला.

बाईंनी तो झटकन मागे घेतला. थोड्या वेळाने पुन्हा ठेवला.

“ह्या हाताला गार लागतंय,” त्या हळूच म्हणाल्या. “हे कसं काय?”

“डाव्या बाजूला जोड नाही, काकू.” मैत्रेयीने छोटं यंत्र त्यांच्या मानेजवळ धरलं आणि त्यावरचे आकडे पाहून तिचा चेहरा उतरला. “जोड बसली, दुखायचं थांबलं, आणि तुम्ही मान सांभाळणं सोडून दिलंत. आत नस चेपतच गेली. आता उजव्या हाताकडून निरोप जवळजवळ येतच नाही. जे लागतं ते सगळं सेतू भरतो. सवयीने, नेहमी जसं लागायचं तसंच.”

“अहो, पण सकाळी चहाचा कप गरम लागला मला!”

“चहा नेहमी गरमच असतो ना, काकू.”

स्नेहलबाईंनी मान वर केली. या घरात ताप आहे का हे थर्मामीटरला नाही, स्नेहलबाईंच्या हाताला विचारायची रीत होती. “काटा चुकेल, तुझा हात नाही चुकायचा,” असं हेमंतराव दहा माणसांत सांगायचे.

“परवा हे म्हनले, अंग मोडून आलंय. मी कपाळाला हात लावला. कालबी लावला. खरं सांगा. ताप व्हता?”

खोटं बोलावंसं मैत्रेयीला फार वाटलं. “सकाळच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिलाय, काकू. अंग भाजत असणार.”

“मी म्हनले, काही नाही हो, झोपा.”

मैत्रेयीला एकदम येवल्यातल्या जोड बसवलेल्या सगळ्या आया, सगळ्या आज्या आठवल्या, त्यांचे ते कपाळांवर ठेवलेले हात आठवले. त्या सगळ्यांना फोन करायला हवे होते, आत्ताच्या आत्ता. पण सुरुवात इथूनच करायला हवी होती.

“सेतू बंद करते,” ती म्हणाली. “दुखणं परत येईल, हात बधिर होईल, त्यावर आपण रीतसर इलाज करू. पण निदान तो खोटं सांगणार नाही.”

तिने यंत्र मानेकडे नेलं. स्नेहलबाई मान बाजूला घेऊन नवऱ्यावर ओणवल्या. डावा हात त्यांनी पदराखाली लपवला होता. उजव्या हाताने हेमंतरावांची बोटं घट्ट धरली होती.

“नका हो, बाई,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बंद केलं की हे गार पडतील.”